भाऊ, आधी तांदळाचा डबा उघडा

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्याचा गोषवारा देते.

वय ६३, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त. दोन महिन्यांपूर्वी पत्नी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता ती घरी खाटेवर आहे, वॉकर धरून चार पावलं टाकते. भाकरी शेजारच्या घरून येते. कोरड्यास हे स्वतः करतात आणि ते जमतं. भात मात्र जमत नाही. ‘खाली तूर डाळ आणि वर भात लावून कुकरच्या सहा शिट्ट्या करतो. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून सहा. भात कधी गिचका होतो, कधी त्या गिचक्यातच कणी राहते. पिवळट दिसतो तो वेगळाच. मोबाइलवर एकाला दोन पाणी सांगतात. मी वाटीने मोजून घालतो, तरी हेच. तांदूळ रेशनचा असतो, शिवाय पुण्याची मुलगी इंद्रायणी पाठवते. दोन्ही एकाच डब्यात ओततो, डबे कशाला वाढवायचे. बायको दोन घास खाते, चांगला झालाय म्हणते आणि ताट सरकवते. मला सगळं कळतं.’

मुलगी विजेवर चालणारा राईस कुकर पाठवते म्हणते. पत्नी म्हणते, ‘कशाला पैसे घालायलाव?’ त्यातच महिन्यावर महालक्ष्म्या आल्या आहेत. दरवर्षी घरी पंचवीस पान जेवतं. भावजय म्हणते, यंदा भात आचाऱ्याकडून आणू. पत्नीला ते रुचलेलं नाही. यंत्र घ्यावं का, नाही घेतलं तर साध्या भगुण्यात मोकळा, पांढरा भात कसा करावा, आणि ज्याला दोघांचा भात साधत नाही त्याने पंचवीस जणांचा अंगावर घ्यावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

नमस्कार भाऊ,

तुमच्या चार पानांत एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दोन्ही तांदूळ एकाच डब्यात ओततो, ही. मी पत्र खाली ठेवलं ते त्या ओळीपाशी.

रेशनचा तांदूळ बहुतेक जाड असतो. त्याला पाणी जास्त लागतं आणि वेळही. इंद्रायणी अगदी वेगळी. आंबेमोहोर आणि आयआर-८ या तांदळाच्या दोन जातींच्या संकरातून मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात ही जात तयार झाली आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. वास सुंदर, शीत मऊ, आणि चिकटपणा तिच्या अंगातच. आता हे दोन तांदूळ एका डब्यात, एका पाण्यात, एकाच आचेवर ठेवले तर जाड दाण्याच्या पोटात कणी असतानाच इंद्रायणीचा लगदा होणार. तुम्हाला वाटतं तुमचा हात बिघडलाय. कितीही सुगरण बाई आणून उभी केली तरी त्या डब्यातून मोकळा भात निघणार नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती भगुण्यात एकाच जातीचा तांदूळ असेल तेव्हाची. तुमच्या भगुण्यात एक शीत दाबून पाहिलं तर दुसऱ्याची काही खबर लागत नाही.

म्हणून आज पहिलं काम, दुसरा डबा काढा. मिसळलेला तांदूळ टाकू नका. त्याची खिचडी करा, किंवा भिजवून डोशाला वाटा. यापुढे दोन डबे, दोन चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीवर आणल्याचा महिना.

महिना का, ते सांगते. आपल्याकडे रानात ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस. तांदूळ दुकानातून येतो. माझ्या आजोळी, परभणीकडे, माळवदाच्या घरात ज्वारीची कणगी माणसापेक्षा उंच होती आणि तांदूळ मात्र एका पितळी डब्यात, तोही सणासाठी. भात म्हणजे पंगतीचा, पाहुण्याचा, आजाऱ्याचा. ज्वारी हातात घेतली की कुठल्या रानाची, किती पावसाची, हे सांगणारी माझी आजी तांदळाच्या बाबतीत दुकानदारावर विसंबून असायची. कोकणातल्या किंवा भंडाऱ्याकडच्या बाईला तांदूळ नवा की जुना हे विचारावं लागत नाही. आपल्याला विचारावंच लागतं. आणि भात मोकळा होणार की नाही, हे निम्मं तिथेच ठरतं. खरिपाचा तांदूळ दिवाळीच्या आगेमागे निघतो. तेव्हाचा नवा तांदूळ चिकट शिजतो. सात-आठ महिने, वर्षभर ठेवला की दाणा कोरडा, टणक होतो, शिजताना पाणी जास्त पितो आणि सुटा राहतो. सध्या श्रावण आहे, म्हणजे दुकानात मिळतो तो बहुतेक मागच्या खरिपाचा. तुमच्यासाठी हा बरा काळ आहे. दुकानदाराला नुसतं ‘चांगला तांदूळ द्या’ म्हणू नका. ‘जुना कोलम द्या’ किंवा ‘जुना एचएमटी द्या’ म्हणा.

एचएमटीवरून आठवलं. ही जात चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या काही लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून तयार केली. त्यांच्या गावाचं नावही नांदेडच, पण ते आपलं नांदेड नव्हे. एचएमटी घड्याळाचं नाव तांदळाला पडलं आणि देशभर गेलं. दादाजी २०१८ साली गेले. त्या माणसाने लोंबीकडे जसं पाहिलं तसं आपण निदान डब्याकडे पाहावं, म्हणून हे सांगितलं.

रेशनच्या तांदळाबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरांतून विचारली जाते, तीही इथेच सांगून टाकते. त्यात अधूनमधून थोडे वेगळ्या रंगाचे, कधी पाण्यावर तरंगणारे दाणे दिसतात आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून लोक ते वेचून फेकतात. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे असतात. त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेलं असतं आणि शंभर किलोत एक किलो या प्रमाणात ते मिसळलेले असतात. वेचू नका. खाटेवरच्या वहिनींना तर ते हवेच आहेत.

आता तुमचा कुकर. बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीचा गर लवकर सुटत नाही, डाळ टणक राहते. डाळ शिजावी म्हणून तुम्ही शिट्ट्या वाढवल्या, आणि वरच्या डब्यातला भात त्या डाळीची शिक्षा भोगतो. कुकरच्या आत पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. कोलमला तिथे दोन, फार तर तीन शिट्ट्या पुरतात. सहा शिट्ट्यांत कुठलाच पांढरा तांदूळ सुटा राहत नाही. तेव्हा दोघांची फारकत करा. डाळ तासभर आधी भिजत घाला, शक्य असेल तर क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरच्या पाण्यात, आणि तिचा कुकर वेगळा लावा. तेवढ्या वेळात भात बाजूच्या शेगडीवर भगुण्यात होतो. गॅस फार जास्त जात नाही, कारण भिजलेल्या डाळीला सहा शिट्ट्या लागत नाहीत.

पिवळटपणाही त्याच बोअरचा. क्षाराच्या पाण्यात तांदळातली काही रंगद्रव्यं पिवळी दिसू लागतात. भात शिजताना लिंबाच्या रसाचे सात-आठ थेंब टाका. आंबट लागत नाही, रंग पांढरा राहतो. आरओ फिल्टरचं पाणी असेल तर त्याचीही गरज नाही. तुम्हाला वाटत होतं तांदूळ हलका आहे म्हणून पिवळा दिसतो. तसं काही नाही.

मग ते एकाला दोन. तुम्ही एकतीस वर्षं पैशा-पैशाचा हिशोब चोख ठेवलात असं लिहिलंय, म्हणून हे माप चुकतं कसं याचा तुम्हाला जास्त त्रास झाला असणार. माप खोटं नाही, अपुरं आहे. तांदळात घातलेलं पाणी दोन वाटांनी जातं. काही दाणा पितो, काही वाफ होऊन उडतं. दाणा पितो ते तांदळाच्या प्रमाणात वाढतं. उडतं ते भांड्याचं तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट, आच किती, यावर असतं. म्हणून कुकरच्या बंद डब्यात एकाला दोन जास्त होतं, उघड्या रुंद भगुण्यात तेच कमी पडतं. आणि म्हणूनच एका वाटीला दोन वाट्या पाणी लागलं तर दहा वाट्यांना वीस लागत नाहीत. ही शेवटची गोष्ट महालक्ष्म्यांसाठी लक्षात ठेवा. सणाच्या दिवशी भात बिघडतो तो इथेच.

दोघांपुरता भात असा करा. जुना कोलम एक वाटी. दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवा, चोळू नका. चोळलं की दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्याचं पिठूळ पाणी सगळ्या भाताला चिकटवतं. धुवून अर्धा तास भिजू द्या. भिजवण्याने पाणी दाण्याच्या पोटापर्यंत आधीच पोचतं, म्हणून बाहेरून लगदा आणि आतून कणी असं होत नाही. मग पाणी निथळून टाका. जाड बुडाचं, तोंडाला फार रुंद नसलेलं भगुणं घ्या. त्यात पावणेदोन ते दोन वाट्या पाण्याचं आधण ठेवा. चिमूटभर मीठ, लिंबाचे थेंब, अर्धा चमचा तूप. तुपाने फेस उतू जात नाही. पाणी खळखळलं की तांदूळ सोडा, एकदा तळापासून हलवा आणि उलथनं खाली ठेवा.

पुन्हा हात लावायचा नाही. तुमच्यासारख्या काळजीवाहू माणसाला हेच सगळ्यात अवघड जाणार आहे. दर दोन मिनिटांनी ढवळलं की लागणार नाही असं वाटतं, पण प्रत्येक ढवळण्याने शितं मोडतात. आच मध्यम ठेवा. सात-आठ मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येईल आणि वर बारीक बारीक भोकं दिसतील. तेव्हा भगुण्याखाली तवा सारा, झाकण ठेवा, आच अगदी बारीक करा. आठ मिनिटं. मग गॅस बंद, आणि दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या दहा मिनिटांत तळाचा ओलावा वरच्या शितांपर्यंत सारखा होतो. पुष्कळ घरांतला भात नीट शिजलेला असूनही गिचका वाटतो, कारण तो या दहा मिनिटांच्या आत उपसलेला असतो. शेवटी उलथन्याच्या कडेने, कडेकडून वर उचलत सुटा करा.

कणी राहिलीच तर वरून दोन चमचे उकळतं पाणी शिंपडून पुन्हा झाकून पाच मिनिटं ठेवा. उलट झालं, पाणी जास्त पडलं, तर भात लगेच परातीत पसरा आणि वाफ जाऊ द्या. अर्धा बिघाड तिथेच सुधारतो. शीत दोन बोटांत दाबा. मध्ये पांढरा ठिपका दिसला तर अजून कच्चं आहे, सगळं सारखं चेपलं तर झालं.

आठवडाभर रोज हाच भात करा, एकाच तांदळाचा, एकाच वाटीने, एकाच भगुण्यात. आणि एसटीत रोज तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल भरायचात तसं एका वहीत लिहा, पाणी किती, वेळ किती, कसा झाला. एका दिवशी एकच गोष्ट बदला. चार दिवसांत तुमच्या घरचं माप तुम्हाला सापडेल. ते माझ्या मापापेक्षा थोडं वेगळं असेल, आणि तेच बरोबर असेल.

आता वहिनींकडे येते. पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते वाक्य, ‘मला सगळं कळतं.’ भाऊ, खरंच कळतं का? त्या दोन घास खाऊन ताट सरकवतात म्हणजे भात वाईट झाला, असं तुम्ही गृहीत धरलंत. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस दिवसभर पडून असतो, हालचाल नाही म्हणून भूक नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी तोंडाची चव जाते, पोट साफ होत नाही. आणखीही काही असू शकेल. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग स्वतःचं ताट घेतलं, तिला नवऱ्याने पुढ्यात आणून दिलेलं ताट जड जातं. मी अशा कितीतरी बायका पाहिल्यात. संडासला पुन्हा पुन्हा उठवावं लागेल, यांना त्रास होईल, म्हणून कमी खाणाऱ्या आणि पाणीही कमी पिणाऱ्या. हे त्या तुम्हाला सांगणार नाहीत. तुम्हालाच विचारावं लागेल, आणि ‘भात कसा झालाय’ असं नाही. त्याला उत्तर ‘चांगला’ हेच येणार. ‘दुखतंय का, पोट साफ होतंय का, काय खावंसं वाटतं’ असं विचारा. हाड जुळायचं तर नुसत्या भाताने भागत नाही. दाट वरण, दूध, दही, तुमच्यात चालत असेल तर अंडं, हे ताटात हवंच. खाणं असंच कमी राहिलं, वजन उतरताना दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.

आणि मोकळाच भात चांगला, हे तरी कोणी ठरवलं? पंगतीत येसराच्या आमटीशी कालवायला मोकळा भात हवा, मला पटतं. पण पडून जेवणाऱ्या माणसाला, एका हाताने, उशीला टेकून, सुटी सुटी शितं उचलणं सोपं नाही. ती अंगावर सांडतात आणि सांडली की लाज वाटते. त्यांना मऊ, आसट भात, वर वरण आणि तूप, असं चमच्याने खाता येईल ते कदाचित जास्त आवडेल. तुम्ही ज्याला बिघडलेला म्हणता, त्यातली कणी काढली तर तो निव्वळ मऊ इंद्रायणीचा भात आहे, आणि आजारपणात त्याच्यासारखा दुसरा भात नाही. लेकीने तो पाठवलाय तो बहुतेक आईसाठीच.

एक करून पाहा. त्यांची खाट किंवा खुर्ची थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी आणा. डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली असेल तेवढाच वेळ. त्यांना भगुण्यात पाहायची गरज पडणार नाही. पाणी भरपूर असतं तेव्हा भात खदखदतो, पाणी आटलं की तोच आवाज बारीक होत चुरचुर करू लागतो, आणि त्यानंतर खरवड लागायचा वास येतो. वर्षानुवर्षं भात केलेल्या बाईला हे सगळं कानाने आणि नाकाने कळतं. ‘आता बारीक कर’ एवढं त्यांना सांगू द्या. तुम्हाला कुठल्याही व्हिडिओपेक्षा ते उपयोगी पडेल आणि त्यांच्या घरातलं त्यांचं काम त्यांच्याकडे थोडं परत जाईल.

याच्याशी जुळणारी एक गोष्ट त्या यंत्राच्या जन्मातच आहे. आपोआप बंद होणारा पहिला विजेचा राईस कुकर जपानात तोशिबा कंपनीने १९५५ साली विक्रीला आणला. तो तयार करणारे योशितादा मिनामी. भात नेमका कधी, किती तापमानाला होतो याच्या चाचण्या मात्र त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा भात शिजवून घेतल्या. त्यात युक्ती अशी की भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी संपलं की ते वर चढतं, आणि त्या चढण्यानेच बटण पडतं. आजही साध्या राईस कुकरात हेच तत्त्व आहे. म्हणजे यंत्राला ‘पाणी आटलं’ एवढंच कळतं. तांदूळ नवा की जुना, डब्यात दोन जाती मिसळल्यात का, बोअरचं पाणी जड आहे का, हे त्याला कळत नाही. तुमचा आजचा मिसळलेला तांदूळ त्यात घातला तर आजचाच भात निघेल.

म्हणून माझं मत, आत्ता घेऊ नका. तुमची अडचण डब्यातली आणि शिट्ट्यांची आहे, यंत्र नसल्याची नाही. पावसाळ्यात वीज ऐन वेळी जाते ते वेगळं. पण मुलीला ‘नको, पैसे वाया’ एवढ्यावर तोडू नका. ती पुण्यात बसून आईची उशी सारखी करू शकत नाही, म्हणून काहीतरी पाठवायचं म्हणते. तिला सांगा, इंद्रायणी आईसाठी पाठवत राहा, वेगळ्या पिशवीत, आणि सणाला दोन दिवस आधी ये. ज्यांना एकट्याने घर चालवताना गॅसपाशी उभं राहवत नाही, गुडघे दुखतात, विसरायला होतं, त्यांनी मात्र हे यंत्र जरूर घ्यावं. त्यात कमीपणा काहीच नाही. उद्या तुमच्यावर तशी वेळ आली तर तुम्हीही घ्या.

राहिला महालक्ष्म्यांचा प्रश्न. पंचवीस माणसांचा भात तुम्ही करू शकता, पण दोघांच्या भाताच्या रीतीने नाही. मोठ्या भगुण्यात पाण्याचं माप धरून आटवलेला भात खाली लागतो, वर कच्चा राहतो, मध्ये गिचका होतो. अनुभवी आचाऱ्याला तो जमतो. तुम्ही वेळलेला, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून निथळलेला, भात करा. त्यात मापच नसतं, म्हणून ते चुकत नाही.

पुरणपोळीच्या जेवणात भात थोडाच जातो. दीड किलो तांदूळ पंचवीस पानांना पुरतो. त्याच्या तीन खेपा करा, प्रत्येकी अर्धा किलो. अर्धा तास भिजवलेला तांदूळ चार लिटर खळखळत्या पाण्यात सोडा, मीठ-लिंबू घाला. आठ-नऊ मिनिटांनी शीत दाबून पाहू लागा. अगदी किंचित ठिपका राहिला की गॅस बंद. आणि आता माझं ऐका, ते उकळतं भगुणं उचलून ओतायला जाऊ नका. घरात एक माणूस घसरून पडलंय, तेवढं पुरे. मोठ्या झाऱ्याने भात काढून चाळणीत घ्या, निथळला की दुसऱ्या जाड भगुण्यात भरा, वर ओलसर फडकं आणि झाकण, खाली तवा, बारीक आचेवर दहा मिनिटं वाफ. तोवर पुढच्या खेपेचं आधण तयार असतं. त्याच पाण्यात दुसरी खेप करू नका, ते दाट झालेलं असतं.

एवढं पाणी फेकायचं, हे आपल्याला सोसत नाही, मला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्या लातूरने पाहिलं, तिथल्या माणसाला मी बारा लिटर पाणी ओता असं म्हणणार नाही. ती पेज ठेवा. गरम असताना मीठ, जिरं, तूप घालून वाटीभर वहिनींना द्या, सणाच्या धांदलीत त्यांच्या पोटात काहीतरी जाईल. थोडी सुती साड्यांना खळ म्हणून ठेवता येते. उरलेली थंड करून गाई-म्हशीच्या आंबोणात. रोजच्या भाताला मात्र ही रीत वापरू नका. दोघांसाठी पाणी आणि गॅस दोन्ही जास्त जातं.

भावजयीलाही सगळ्यातून बाजूला काढू नका. आचाऱ्याकडून आणू म्हणताना तिला बहुधा तुमची दगदग दिसत असेल. पुरण आणि भाज्या तिच्याकडे द्या, भात तुमच्याकडे. आणि सणाआधी एका रविवारी अर्ध्या किलोची एक खेप करून पाहा, शेजारून भाकरी येते त्या घरी निम्मा भात पाठवा. तो जमला नाही तर आचाऱ्याला सांगायला अजून दिवस हातात असतील, आणि तसं सांगितलंत तरी वहिनींचा शब्द मोडला असं होणार नाही. नैवेद्यापुरता भात तुम्ही घरी केलेलाच असेल.

उरलेल्या भाताची एक काळजी घ्या. भादव्याच्या दमट हवेत झाकलेला कोमट भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. भातातले काही जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. जेवणं झाली की भात पसरट भांड्यात काढून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला फोडणी द्या.

एकच राहिलं. नैवेद्याची मूद. मोकळ्या कोलमची मूद पानावर उभी राहत नाही, उपडी केली की ढासळते. तेव्हा पंगतीच्या तीन खेपा लावण्याआधी दोन वाट्या इंद्रायणी घ्या, लेकीने पाठवलेली. एकाला पावणेदोन पाणी, वरच्याच रीतीने झाकून वाफेवर. वाटीला आतून तुपाचा हात फिरवा, भात गरम असतानाच बोटांनी चेपून भरा आणि केळीच्या पानावर उपडी करा. तेवढी एक मूद वहिनींच्या हातून होऊ द्या. खुर्चीत बसून ते करता येतं.